चित्रासमोर थांबलेली मुलं

शाळेची सहल म्हटली की तिचा आराखडा आपल्याकडे ठरलेला असतो. सकाळी साडेसहाला एस.टी. शाळेच्या दारात उभी राहते, नारळ फुटतो, 'गणपतीबाप्पा मोरया'च्या गजरात गाडी हलते. नऊ वाजता कुठल्या तरी देवस्थानाच्या पारावर चटणी-चपातीची न्याहारी, मग एखादा किल्ला, एखादं धरण, आणि परतीच्या वाटेवर वेळ उरलाच तर बाग. अलीकडे या यादीत वॉटरपार्क आले आणि बाकीची ठिकाणं जरा मागे सरकली. अशा सहलीत एखादं संग्रहालय असलंच, तर ते जेवण आणि देऊळ यांच्यामध्ये मिळालेल्या वीस मिनिटांत उरकायचं असतं. दोनदोनांची रांग, तोंडावर बोट, 'हात लावू नका', 'पुढे चला'. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' या निबंधात या वीस मिनिटांच्या वाट्याला एकच वाक्य येतं : 'तेथे आम्ही अनेक जुनी चित्रे पाहिली.'

या वाक्यात खोटं असं काही नाही. पण खरं म्हणजे मुलांनी चित्रं पाहिलेली नसतात, चित्रांनीच मुलांची रांग पाहिलेली असते. पुढच्या मुलाची पाठ आणि बाईंचं उगारलेलं बोट यापलीकडे मुलांच्या नजरेला काही पडत नाही. आणि याचा दोष बाईंना देण्यातही अर्थ नाही. चाळीस मुलं, दोन शिक्षक आणि भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीची तैलचित्रं! त्या बिचारीचा जीव तेवढा वेळ मुठीत असतो.

माझ्या मावसबहिणीची सून माण तालुक्यातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. गेल्या डिसेंबरात तिचा फोन आला. "मामा, यंदा किल्ला नाही, वॉटरपार्क नाही. तिसरी-चौथीच्या पोरांना औंधला नेतेय. फक्त संग्रहालय बघायचं आणि परत यायचं. मोठी माणसं कमी पडताहेत, याल का?"

मी होकार दिला तेव्हा तिने खरी अडचण सांगितली. शाळेच्या व्यवस्थापन समितीत या बेताला विरोध झाला होता. समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले होते, "भिंतीवरची चित्रं बघायला गाडीचं भाडं कशापायी घालवायचं?" तालुक्याच्या गावातली इंग्रजी शाळा मुलांना वॉटरपार्कला नेते, आपण चित्रं दाखवतो, हे पालकांना पटणार कसं? लहान गावातल्या शाळेला हा प्रश्न साधा नाही. पट दरवर्षी दोन-चार मुलांनी उतरतो आहे आणि ज्या शाळेचा पट उतरतो तिचं भवितव्य काय असतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटी तडजोड झाली : यंदा औंधला न्या, पण मुलं हिरमुसून परत आली तर पुढच्या वर्षापासून वॉटरपार्क. थोडक्यात, त्या दिवशी अडतीस मुलं चित्रं बघायला निघाली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बाईंचीही परीक्षा होती.

औंधच का, हे आधी सांगायला हवं. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं हे गाव. यमाईच्या डोंगराखाली वसलेलं, पावसाच्या बाबतीत कायमचं हात आखडलेलं. स्वातंत्र्यापूर्वी ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान तसं लहानच, ७२ गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. त्याचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी महाराष्ट्राला माहीत आहेत. महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ साली राज्याचा कारभार प्रजेच्या हाती दिला, हेही पुष्कळांना माहीत असतं. त्यांच्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांना बेड्यांशिवाय राहू देणाऱ्या या प्रयोगावरून पुढे १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला.

पण हा राजा स्वतः चित्रकार होता. त्याने रामायणावर चित्रमालिका काढली, कीर्तनं केली आणि आयुष्यभर चित्रं जमवली. ती राजवाड्यात लावून पाहुण्यांना दाखवता आली असती. त्याऐवजी त्याने १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली : श्री भवानी वस्तुसंग्रहालय. इथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, धुरंधरांची चित्रं आहेत, जुन्या लघुचित्रांचा संग्रह आहे, चंदनातलं आणि हस्तिदंतातलं कोरीव काम आहे. युरोपातल्या नामवंत चित्रांच्या हुबेहूब नकलाही आहेत. आपल्या प्रजेतलं कोणी इटलीला जाऊ शकणार नाही, तेव्हा इटलीच औंधला आणावी, असा तो हिशेब असावा. आणि या सगळ्यांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं 'आई आणि मूल' आहे. ज्याची शिल्पं पाहायला लोक लंडन-न्यूयॉर्कची संग्रहालयं गाठतात, त्याचं काम आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात, एस.टी.च्या तिकिटाच्या अंतरावर आहे. माणदेशातल्या मुलांसाठी याहून जवळचं आणि याहून मोठं चित्रसंग्रहालय दुसरं नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेत पोहोचलो तेव्हा बाईंची तयारी चालू होती. त्यांनी एक पांढराशुभ्र रुमाल घेतला आणि वर्गात फिरवला. प्रत्येकाने दोन्ही हातांनी तो एकदा चोळायचा आणि पुढे द्यायचा. अडतिसाव्या हातांतून परत आला तेव्हा त्या रुमालाची चहाच्या टपरीवरच्या फडक्यासारखी दशा झाली होती. "आता सांगा, चित्राला हात का लावायचा नाही?" उत्तर द्यायची कोणाला गरजच पडली नाही. हाताचा घाम, तेल, मळ डोळ्यांना दिसत नाही, पण चित्रावर तो साचत राहतो, हे मुलांनी स्वतःच्याच हातांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात एकदाही 'हात लावू नका' म्हणावं लागलं नाही. उलट माझा हात एका चौकटीच्या जवळ गेला तेव्हा दोन वेण्यांच्या एका मुलीने मलाच दटावलं, "आजोबा, रुमाल!"

दुसरी गोष्ट बाईंनी केली ती म्हणजे वह्या घरी ठेवायला लावल्या. नावं, साल, संख्या काहीही लिहून आणायचं नाही. मुलांचे तीन गट केले, तेरा-तेरा-बाराचे. प्रत्येक गटाने फक्त चार-पाच चित्रं पाहायची. बाकीची राहिली तरी चालतील. हे ऐकून बरोबरचे गुरुजी अस्वस्थ झाले. एवढं भाडं देऊन जायचं आणि चारच चित्रं पाहायची? पण बाई ठाम होत्या. "गुरुजी, ताटातलं सगळंच संपवायला हे काय लग्नाचं जेवण आहे?"

चित्रासमोर विचारायचे प्रश्नही तीनच होते. काय चाललंय या चित्रात? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न काही बाईंनी शोधलेले नव्हेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउझन यांनी ही पद्धत बसवली आणि पुढे ती अनेक देशांतल्या शाळांनी उचलली. तिचं मर्म असं, की मोठ्या माणसाने माहिती सांगायची नाही. मूल जे बोलेल ते ऐकायचं, ते चित्रात कुठे आहे ते बोटाने दाखवायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याला, म्हणजे सांगायची सवय जडलेल्या मोठ्या माणसांना, गप्प राहणं किती जड जातं, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर आमचा गट बसला. होय, बसला. जमिनीवर मांडी घालून. बसलेलं मूल ढकलाढकली करत नाही आणि चित्राकडे मान वर करून बघतं. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, एवढंच बाईंनी सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, "बाई, राणीलाबी दुसऱ्याच्या घरी कामाला जावं लागतं व्हय?" ज्या मुलीची आई रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिचा तो प्रश्न होता. त्यावर दुसरी म्हणाली, "गेली तरी राणीच हाय की ती!" महाभारताच्या त्या पर्वाबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण त्याचा इतका नेमका सारांश मला कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

मग बाईंनी सगळ्यांना उठवून चित्राच्या शक्य तितकं जवळ नेलं आणि पुन्हा दहा पावलं मागे आणलं. जवळून पाहिलं की दागिन्यातला मोती म्हणजे नुसता पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, आणि जर म्हणजे पिवळ्या-तपकिरी रंगाचे फटकारे. मागे आलं की तोच ठिपका मोती होतो आणि फटकाऱ्यांची जर होते. मुलांना हा खेळच सापडला. पुढे-मागे, पुढे-मागे. "जादू न्हाई, रंग हाय," असा निकाल एकाने दिला. तैलरंगाचं सगळं कसब त्या चार शब्दांत आलं.

याच चित्रकाराने काढलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मुलांना खरं वाटेना. पण कमळातली लक्ष्मी म्हणताच दहा हात वर झाले. कोणाच्या देव्हाऱ्यात, कोणाच्या दुकानात, कोणाच्या कॅलेंडरवर ती होती. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून देवांची रंगीत चित्रं स्वस्तात घरोघर गेली. ज्यांना त्या काळी देवळाच्या पायरीपलीकडे येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याही घरात देव भिंतीवर येऊन बसले. "म्हणजे घरातलं खोटं आणि हितलं खरं?" एका मुलाने विचारलं. बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" त्यावर जो वाद पेटला तो परतीच्या गाडीतही मिटला नव्हता.

हेन्री मूरच्या शिल्पाची मला धास्ती होती. नाक-डोळे रेखीव नसलेली ती दगडाची आई पाहून मोठी माणसं गोंधळतात, मग मुलांचं काय? पण मुलं गोंधळली नाहीत. ज्याला मातीचे बैल करायची सवय आहे, त्याला दगडातली आई ओळखायला अडचण पडत नाही. "बाळाला किती जवळ घेतलंय बघा," एक जण म्हणाला. "ऊन लागू नये म्हणून." तिथे ऊन नव्हतं, पण माणदेशातल्या मुलाला आई आणि मूल दिसलं की ऊनही दिसतं. ते शिल्प करणाऱ्या इंग्रजाच्या मनात ऊन खचितच नसेल, पण म्हणून मुलाचं पाहणं चूक ठरत नाही.

निघताना दारात मुलांची मोजणी केली. सदतीस भरली. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला मोजणीत एक कमी पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. रोकड जुळल्याशिवाय शाखेला कुलूप लागत नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा सदतीस. बाईंचा चेहरा उतरला. मी आत धावलो. एका दालनात, एका पाश्चात्त्य चित्राच्या नकलेसमोर, चौथीतला एक किरकोळ अंगाचा मुलगा एकटाच उभा होता. चित्र एका स्त्रीचं होतं. शेजारी संग्रहालयाचा राखणदार हाताची घडी घालून शांतपणे उभा होता. मला म्हणाला, "असू द्या साहेब, काही करत नाही. बघतोय."

मी जवळ गेलो. तो मुलगा चित्रावरची नजर न काढता म्हणाला, "उजेड डाव्या अंगानं आलाय. खिडकी चित्रात काढलेली न्हाई, पर हाय. ह्या गालावर बघा. आन् सावली तिकडं पडलीया." मी पाहिलं. खरंच होतं. ती न काढलेली खिडकी माझ्या लक्षात आली नव्हती.

बाईंनी नंतर सांगितलं ते असं. हा मुलगा चौथीत असूनही अडखळत वाचतो. घरची मेंढरं आहेत, वर्षातले काही महिने तो आजोबांबरोबर रानोमाळ असतो. वर्गात त्याला काही विचारलं की तो खाली बघतो, आणि वर्गातली मुलंही त्याला 'मागचा' समजतात. पण दिवस किती वर आला आणि किती राहिला हे सावलीवरून ओळखण्यात त्याचा जन्म गेला आहे. चित्रातला उजेड कुठून येतो हे सगळ्यांत आधी त्याला दिसलं, यात नवल नाही. नवल एवढंच, की चार वर्षांत त्याला जे येतं ते विचारण्याची वेळ शाळेवर पहिल्यांदा आली होती.

मला वाटतं, लहान मुलांना चित्रं दाखवायला न्यायचं ते याचसाठी. चित्रकार घडवण्यासाठी नव्हे, आणि 'संस्कार' वगैरे मोठ्या शब्दांसाठीही नव्हे. शाळेत बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि ती कोणाला येतात, हेही ठरलेलं असतं. चित्रासमोर पहिला नंबर आणि शेवटचा नंबर एकाच जमिनीवर बसतात. जे दिसलं ते सांगायचं आणि कशावरून ते दाखवायचं, एवढीच तिथली अट असते. आपल्याला दिसलेलं सांगण्याजोगं आहे, आणि शेजारच्याला त्याहून वेगळं दिसू शकतं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकदा कळलं की ते पुढे चित्रापुरतं राहत नाही.

आपल्या शिक्षणात मात्र याला जागा कुठे आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तिथेही मुलं शंभराहून अधिक असतील तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तसा निदेशक कायद्याने मागितलेलाच नाही. लहान गावातल्या लहान शाळेत चित्रकलेचा तास कोण घेतं आणि स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली की त्या तासाचं गणित कसं होतं, हे वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची मोठी परंपरा आहे, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं कलेकडे आणली हे खरं. पण त्या परीक्षा काढायला शिकवतात. पाहायला शिकवण्याचा तास आपल्या वेळापत्रकात नाही. म्हणून तर एखाद्या बाईंना तो एस.टी.त बसवून औंधला न्यावा लागतो.

सहलीनंतर आठवड्याने बाईंनी शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुलांची चित्रं टांगली. औंधला पाहिलेल्या चित्राची नक्कल करायची नाही, तिथे जे सर्वांत जास्त आठवतं ते काढायचं, असं सांगितलं होतं. त्यात सैरंध्री होती, यमाईचा डोंगर होता, मळका रुमाल होता, आणि दारात उभा राहून पोरं मोजणारा टकला आजोबाही होता. पालकांना निरोप गेले. रानातली कामं आटोपून संध्याकाळी बरीच मंडळी आली. त्यांत समितीतले ते वयस्कर गृहस्थही होते. मेंढरंवाल्या मुलाचे आजोबा ते हेच, हे मला तेव्हा कळलं.

नातवाच्या चित्रात एक रिकामी खोली होती. माणूस नाही, सामान नाही, फक्त जमिनीवर पडलेला उजेडाचा एक तिरपा चौकोन. म्हाताऱ्याने ते बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आरं, ह्ये काय काढलंयस?" मुलगा क्षणभर थांबला आणि बाईंच्याच थाटात म्हणाला, "तुमास्नी काय दिसतंय?"

म्हातारा हसला नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघायला लागला. "दिवस मावळतीला आलाय," तो शेवटी म्हणाला. "दार उघडं हाय." नातवाने मान डोलावली.

पुढच्या वर्षीच्या सहलीचं अजून ठरलेलं नाही. समितीची बैठक व्हायची आहे, वॉटरपार्कची बाजूही कमकुवत नाही, आणि मुलांनी पाण्यात खेळू नये असं कोण म्हणेल? पण औंधचं नाव यादीतून कोणी काढलेलं नाही, एवढं बाईंनी मला परवा फोनवर सांगितलं.

शहरातल्या वाचकांना तर समितीची परवानगीही लागत नाही. मुंबईत काळ्या घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि तिथे तिकीट नाही. तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत हत्ती बघायला आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नेत आलो. त्याच आवारात १८७२ पासून उभं असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र पुष्कळांनी बाहेरूनच पाहिलेलं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, नागपुरात अजब बंगला आहे. मुलांना यांपैकी कुठेही न्या, पण पाऊण तासापेक्षा जास्त वेळ थांबू नका. सगळं दाखवायच्या मागे लागू नका. एक चित्र त्यांना निवडू द्या, त्याच्यासमोर बसा, आणि 'हे कोणी काढलंय माहीत आहे का?' हा प्रश्न तेवढा गिळून टाका. पहिली दोन मिनिटं मूल चुळबुळ करेल, भूक लागली म्हणेल. तिसऱ्या मिनिटाला ते काहीतरी सांगायला लागेल. ते ऐकण्यासारखं असतं.